दहा लिटरांची पेटी

दूध लिटरवर मोजतात, गोडें तेल लिटरवर मोजतात, आणि आमच्या लहानपणीं रेशनच्या दुकानापुढें रांगेंत उभें राहून जें रॉकेल आणावें लागे तेंही लिटरवरच मोजून मिळे. परंतु संगणकाची पेटीसुद्धां लिटरवर मोजतात, हें ज्ञान आम्हांस वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं, आणि तेंही आमच्या कन्येकडून, प्राप्त झालें. "बाबा, हें कॅबिनेट बेचाळीस लिटरचं आहे, आणि हें दहा लिटरचं," असें ती म्हणाली तेव्हां या यंत्रांत पाणी वगैरे कांहीं भरावयाचें असावें, अशी आमची पहिली समजूत झाली. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत जवळजवळ तीस वर्षें घालविलेल्या माणसाकडून याहून अधिक शास्त्रीय बुद्धीची अपेक्षा वाचकांनीं करूं नये. पेटीची लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करावयाचा, आणि ती घरांत किती जागा अडविते तें लिटरांत सांगावयाचें, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही मुलुंडास, पूर्वेकडे, राहतों. घर म्हणजे एक बाहेरची खोली, एक निजावयाची खोली आणि स्वयंपाकघर. त्यांत आम्ही, आमच्या सौ., कन्या व आमच्या मातोश्री अशीं चार माणसें. मुंबईच्या उपनगरांत एवढ्या जागेस कोणी लहान म्हणत नाहीं. आम्हीही म्हणत नाहीं. बाहेरच्या खोलींत खिडकीपाशीं मातोश्रींचें पायानें चालवावयाचें शिवणयंत्र आहे. त्याला लागून कन्येचें अरुंद मेज. मेजाखालीं आमच्या पुस्तकांचीं व कागदपत्रांचीं तीन खोकीं; तीं कोणीं हलवावयाचीं नाहींत, असा आमच्या घरांत एक अलिखित कायदा आहे. खोकीं व शिवणयंत्र यांच्यामध्यें जमिनीवर जी मोकळी जागा उरते ती जेमतेम सात इंचांची.

कन्येनें वास्तुकलेची पदवी घेतली आणि ती एका कचेरींत काम करूं लागली. अद्याप न बांधलेलें घर बांधून झाल्यावर कसें दिसेल, सकाळचें ऊन त्याच्या कोणत्या भिंतीवर पडेल, हें संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब दाखवावयाचें, असें तें काम आहे. कचेरीचें काम आठवड्यांतून तीन दिवस घरीं करण्याची मुभा तिला मिळाली. तिच्या जुन्या लॅपटॉपला एक चित्र पुरें करण्यास अर्धी रात्र लागे, म्हणून सामर्थ्यवान संगणक घेण्याचें ठरलें. असा संगणक तयार घेण्यापेक्षां सुटे भाग निवडून घरीं जुळविला तर तो मनासारखा होतो, असें तिचें मत पडलें. परंतु तो ठेवावयाचा कोठें? आम्हीं तत्काळ निर्णय दिला कीं, शिवणयंत्र तेथून हलवावें. माळ्यावर टाकावें, नाहीं तर कोणा गरजू बाईस देऊन टाकावें. मातोश्रींनीं ऐंशी ओलांडली आहे, आणि महिन्यांतून दोन वेळां उशांच्या अभ्र्यांस टीप मारण्यापलीकडे त्या यंत्राचा उपयोग होत नाहीं, हें आम्हीं सोदाहरण पटवून दिलें. मातोश्री म्हणाल्या, "ने रे ने. मी काय आतां रोज बसतें थोडीच त्याच्यावर!" प्रश्न सुटला, असें आम्हांस वाटलें. प्राध्यापकाचा एक दोष असा असतो कीं, समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला पटलें, असें तो धरून चालतो.

कन्या त्या रात्रीं कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं तिनें तें बेचाळीस व दहा लिटरांचें प्रकरण काढलें. बेचाळीस लिटरांची नेहमींची उभी पेटी आठ इंचांहून अधिक रुंद, म्हणजे शिवणयंत्र हलविल्याखेरीज ती मावावयाची नाहीं. दहा लिटरांची पेटी मात्र साडेपांच इंच रुंद असते, आणि ती त्या सात इंचांत उभी राहूं शकते. "मग आजीचं मशीन हलवायलाच नको," ती म्हणाली. आम्हांस हा हट्ट वाटला. परंतु पैसे तिचे होते.

सुटे भाग घेण्यास आम्ही दोघें एका शनिवारीं लॅमिंग्टन रोडला गेलों. रस्त्याचें हें नांव १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनवरून पडलें. कागदोपत्रीं तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. मुलुंडाहून दादरपर्यंत मध्य रेल्वे, आणि तेथून पश्चिम रेल्वेनें ग्रँट रोड, असा प्रवास. वाटेंत तीन माणसांच्या बांकावर चवथे म्हणून आम्ही अर्धेमुर्धे टेकलों होतों. लहान जागेंत वस्तु कशा बसवाव्या हें मुंबईकरास वेगळें शिकवावें लागत नसावें, असा विचार तेव्हां आमच्या मनांत येऊन गेला. पण तो चुकीचा होता. बांकावरचीं माणसें अंग चोरतात. संगणकाचे भाग अंग चोरीत नाहींत.

दुकानदार अनुभवी होता. कन्येची यादी पाहून तो म्हणाला, "ताई, मोठं कॅबिनेट घ्या. उद्यां मनांत येईल तें बसवतां येईल. लहान महाग पडतं, आणि गरम होतं." आम्ही मनांतल्या मनांत दुकानदाराच्या पक्षास मिळालों. कारण हिशेब खरोखरच उलटा होता. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें मदरबोर्डाचें एटीएक्स नांवाचें माप ठरविलें. तो बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद. पुढें २००१ सालीं तैवानच्या व्हिया कंपनीनें मिनी-आयटीएक्स हें माप काढलें. तो बोर्ड अवघा १७० मिलिमीटरांचा चौरस, म्हणजे मोठ्याच्या निम्म्याहून लहान. मोठ्यावर रॅमच्या सामान्यतः चार पट्ट्या बसतात, धाकट्यावर दोन. मोठ्यावर जादा कार्डांस अनेक खांचा, धाकट्यावर एकच. असें असूनही त्याच तोलामोलाचा धाकटा बोर्ड बहुधा थोरल्याहून महाग! वीज पुरविणाऱ्या डब्याचीही तीच कथा. नेहमींचा डबा सुमारें पावणेदोन लिटर जागा खातो. एसएफएक्स मापाचा धाकटा डबा १२५ मिलिमीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद व ६३.५ मिलिमीटर उंच, म्हणजे पाऊण लिटराहून थोडा अधिक. येथें एक लिटर वांचतो, पण तो विकत घ्यावा लागतो. कपडा कमी लागला म्हणून शिंप्यानें शिलाई अधिक मागावी, तसाच हा प्रकार आम्हांस वाटला. पुढें समजलें कीं, कपडा कमी असला म्हणजे शिंप्यास खरोखरच अधिक विचार करावा लागतो.

लहानपणाची ही हौस नवी नाहीं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें भारतांतच रचना करून जो पहिला मोठा संगणक बांधला तो १९६० सालीं कामास लागला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्या ज्या पोलादी सांगाड्यांत बसविल्या होत्या तो १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच होता. आम्हीं कन्येच्या पद्धतीनें गुणाकार करून पाहिला, तेव्हां दहा हजार लिटरांहून थोडें अधिक उत्तर आलें. त्याच्या स्मरणांत चाळीस-चाळीस अंशांचे २,०४८ शब्द मावत. कन्येनें निवडलेल्या ३२ गिगाबाइट रॅममध्यें त्याच्या सुमारें तेहतीस लाख पट मजकूर मावतो, आणि तिची सबंध पेटी त्या सांगाड्याच्या एकहजारांश. ज्यांनीं तो पहिला संगणक या मुंबईंत हातांनीं बांधला त्यांच्याविषयीं आमचा आदर या गुणाकारानें तिळभरही कमी झाला नाहीं, उलट वाढला.

यादी करण्याचें काम दुकानीं जाण्यापूर्वीं तीन आठवडे चाललें होतें, आणि तें पाहतां पाहतां आम्हांस एक गोष्ट उमगली. मोठ्या पेटींत प्रत्येक भाग स्वतंत्रपणें निवडतां येतो. लहान पेटींत एकही भाग एकटा निवडतां येत नाहीं. पेटी साडेपांच इंच रुंद असल्यामुळें मदरबोर्ड एका अंगास व ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या अंगास, एकमेकांकडे पाठ करून बसतात, आणि मधून एक चपटी केबल जाते. चाळींतल्या दोन बिऱ्हाडांमध्यें एकच भिंत असावी तशी ही व्यवस्था. त्यामुळें बोर्डाच्या अंगास उंची थोडी उरते. उंची थोडी म्हणून प्रोसेसरवरचा कूलर बुटका घ्यावा लागतो. कूलर बुटका म्हणून १२५ वॅटचा तापट प्रोसेसर सोडून ६५ वॅटचा शांत प्रोसेसर घ्यावा लागतो. आणि या सर्वांची विजेची भूक त्या पाऊण लिटराच्या डब्यानें भागली पाहिजे. एक आंकडा बदलला कीं चार आंकडे बदलत. कन्या रोज रात्रीं कांहीं तरी खोडी व कांहीं तरी लिही. कवितेची ओळ वृत्तांत बसविणारा कवि याहून निराळें कांहीं करीत नसावा.

अखेर यादी पुरी झाली. पेटींत ग्राफिक्स कार्डास जेवढी जागा होती तेवढ्याच लांबीचें व तेवढ्याच रुंदीचें, मिलिमीटरास मिलिमीटर जुळणारें कार्ड तिनें शोधून काढलें होतें. आम्ही या अचूकपणावर प्रसन्न झालों आणि तिची पाठ थोपटली. तेवढ्यांत पलीकडे अभ्र्याला टीप मारीत बसलेल्या मातोश्रींनीं यंत्र थांबविलें आणि विचारलें, "माया किती सोडलीस?"

ज्या वाचकांच्या घरांत शिवणयंत्र नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, कापड बेततांना मापाच्या बाहेर जी पट्टी शिवणींत जाण्यासाठीं राखून ठेवतात तिला माया म्हणतात. अंगाच्या मापाबरहुकूम कापड कापलें तर कपडा अंगावर चढत नाहीं. चढला तर हात वर होत नाहीं. आणि मुलगा वाढल्यावर उसवून मोठा करण्यास आंत कांहींच उरत नाहीं. आम्हीं हंसून म्हटलें, "आई, हें लोखंड आहे, कापड नव्हें." परंतु कन्या हंसली नाहीं. तिनें कागद पुन्हां ओढून घेतला. कार्ड बरोबर मावत होतें हें खरें. पण त्याला वीज देणारी जाड वायर त्याच्या कडेवर उभी शिरते, आणि तिला वळण्यास बोटभर जागा लागते. ती बोटभर जागा यादींत कोठेंच नव्हती. वायर झांकणावर दाबली गेली असती, आणि झांकण तरी लागलें नसतें, नाहीं तर जोड ढिला पडून तापला असता. तिनें तें तीन पंख्यांचें भारी कार्ड सोडलें व दोन पंख्यांचें आंखूड आणि कमी रुंद कार्ड घेतलें. चित्र पुरें होण्यास कांहीं मिनिटें अधिक लागतील, एवढाच तोटा. "आजी, दोन्ही बाजूंनीं माया सोडली," असें तिनें जाहीर केलें. मातोश्रींनीं पायटा पुन्हां चालू केला.

जुळवणी रविवारीं झाली. विजेरी धरणें व स्क्रू वाटींत सांभाळणें, हीं कामें आमच्याकडे होतीं. येथेंही क्रमास फार महत्त्व. जेथें मागाहून हात जाणार नाहीं तें आधीं. साठवणीची एसएसडी ही २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी लहानशी पट्टी असते. तिची जागा आमच्या बोर्डाच्या पाठीवर, म्हणून ती प्रथम. मग प्रोसेसर, त्यावर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर कूलर. प्रोसेसरची वायर वीज-डब्याच्या मागें दडते, म्हणून डबा बसविण्यापूर्वीं ती लावून घ्यावयाची. एक स्क्रू आमच्या हातून बोर्डाखालीं घरंगळला, तेव्हां मातोश्रींनीं सांडलेल्या सुया गोळा करण्याचें आपलें लोहचुंबक दोऱ्याला बांधून आणून दिलें, व तो एका मिनिटांत बाहेर आला. दुपारीं तीनला झांकण लागलें. पेटी एका पाटावर ठेवून त्या सात इंचांत सारली, आणि बटण दाबतांच पडदा उजळला. सौ.नीं शिरा केला.

पण दिवस मे महिन्याचे होते. कन्येनें पहिलें मोठें चित्र करावयास घातलें, आणि अर्ध्या तासांत पंखे केकाटूं लागले. प्रोसेसरची उष्णता ९५ अंशांपर्यंत चढली. असा प्रोसेसर फार तापला म्हणजे जळूं नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. त्याप्रमाणें तो मंदावला, व चित्र जुन्या लॅपटॉपच्या गतीनें रखडूं लागलें. "दुकानदार म्हणालाच होता," असें म्हणण्याचा मोह आम्हांस झाला, आणि तो आम्हीं आवरला नाहीं. कन्येनें प्रथम प्रोसेसरची विजेची मर्यादा थोडी खालीं आणली. असें केल्यानें वेग थोडासा जातो व उष्णता पुष्कळ जाते. कांहीं अंश उतरले, पण पुरेसे नव्हेत. मग ती मेजाखालीं वांकली आणि बराच वेळ तशीच पाहत राहिली. बाहेर येऊन ती इतकेंच म्हणाली, "बाबा, हवा घ्यायची जाळी तुमच्या खोक्याला टेकली आहे."

खरोखरच ती टेकली होती. पेटी साडेपांच इंचांची, जागा सात इंचांची. पाट सरकवितांना जी दीड इंच मोकळीक उरली ती सगळी शिवणयंत्राच्या बाजूस गेली होती. प्रत्येक भागाभोंवतीं कन्येनें माया सोडली होती. सबंध पेटीभोंवतीं ती सोडणें आमच्या हातीं होतें. आणि तेथें आमचें खोकें होतें.

आम्हीं तें खोकें ओढून बाहेर काढलें. काढल्यावर, हातांत मोजपट्टी होतीच म्हणून, सहज तें मोजलें. अठरा इंच लांब, पंधरा इंच रुंद, चौदा इंच उंच: सुमारें बासष्ट लिटर. अशीं तीन खोकीं, म्हणजे एकशें ऐंशी लिटरांहून अधिक. आंत काय होतें? विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. १९९६ सालीं काढलेलीं व्याख्यानांचीं टिपणें, जीं आतां आम्हांसच वाचतां येत नाहींत. बंद पडलेल्या मासिकांचे अंक. आणि एका प्रबंधाचें पहिलें प्रकरण, ज्याचें दुसरें कधीं झालें नाहीं. बारा वर्षांत आम्हीं त्यांना हात लावला नव्हता. जें शिवणयंत्र महिन्यांतून दोनदां चालतें तें अडगळ, आणि जीं खोकीं बारा वर्षांत एकदांही उघडलीं नाहींत तीं विद्या, असा हा न्याय होता. यांतलें एक खोकें हललें असतें, तर ती बेचाळीस लिटरांची स्वस्त पेटीही मेजाखालीं सुखानें मावली असती. कन्येस हें पहिल्याच दिवशीं दिसलें असलें पाहिजे. घरांच्या जागा मोजणें हाच तिचा धंदा. मातोश्रींसही दिसलें असावें. दोघींपैकीं एकीनेंही तें बोलून दाखविलें नाहीं. एकीनें आपलें यंत्र देऊं केलें, आणि दुसरीनें पदरचे आठ हजार रुपये अधिक घालून लहान पेटी घेतली.

तें शिवणयंत्र आमच्या घरांत कसें आलें हें आम्ही विसरलों होतों असें नाहीं. परंतु त्या दिवशीं तें आम्हांस नीट आठवलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापड-गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हां आमचे वडील परळच्या एका गिरणींत कामास होते, व आम्ही लालबागेंत दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलींत सात माणसें राहत होतों. वडिलांची नोकरी परत आली नाहीं. मातोश्रींनीं जुनें यंत्र हप्त्यानें घेतलें आणि शाळांचे गणवेश शिवण्यास सुरुवात केली. सात माणसांच्या त्या खोलींत यंत्राला जागा कशी झाली? वडिलांनीं आपली खाट काढून टाकली. पुढें ते जमिनीवर निजत. आम्ही त्या यंत्राच्या झांकणावर वही ठेवून अभ्यास केला, आणि आमच्या बी. ए.च्या फीचे पैसे त्याच्याच सुईखालून आले. जागा करावयाची म्हणजे प्रथम आपली वस्तु उचलावयाची, हें वडिलांनीं आमच्या डोळ्यांदेखत करून दाखविलें होतें. आम्हीं मात्र जागा करावयाची वेळ आली तेव्हां प्रथम दुसऱ्याच्या वस्तूकडे बोट केलें; आणि तेंही नेमकें त्याच यंत्राकडे.

तें खोकें दुसऱ्या दिवशीं रद्दीवाल्याकडे गेलें. प्रबंधाचें पहिलें प्रकरण तेवढें आम्हीं काढून ठेवलें; मनुष्य एका दिवसांत साधु होत नाहीं. पेटीच्या जाळीपुढें आतां हातभर मोकळी जागा आहे. तेंच चित्र पुन्हां करावयास घातलें तेव्हां उष्णता ७८ अंशांच्या वर गेली नाहीं, आणि पंख्यांचा आवाज शिवणयंत्राच्या आवाजांत ऐकूंसुद्धां आला नाहीं. दोन्ही यंत्रें शेजारीं शेजारीं चालत होतीं. कन्या मधूनच उठून आजीला सुईंत दोरा ओंवून देत होती.

उरलेल्या दोन खोक्यांचा निकाल दिवाळीच्या सुटींत लावावयाचा, असें आम्हीं घरांत जाहीर केलें आहे. मातोश्रींनीं तें ऐकून घेतलें. कन्येनें मात्र तारीख विचारली.